रेघेपुढची बारा पावलं

७ जानेवारी

धाकटीस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता फायरवाल्या काकांकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस. ते आधी नाहीच म्हणत होते. मी तीन सकाळी सरावाच्या मैदानावर जाऊन त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले, तेव्हा वैतागून लिहून दिला. "तुम्ही दोघी बहिणी सारख्याच हट्टी," म्हणाले. तू तिकडच्या अग्निशमन केंद्रात भरतीची तयारी करतेयस हेही त्यांच्याकडूनच कळलं. सख्ख्या बहिणीची बातमी परक्या माणसाच्या तोंडून. असो.

सोबतच्या पार्सलमध्ये तुझे पळायचे बूट, गुडघ्याची पट्टी आणि निळा स्वेटर आहे. बूट धुऊन पाठवलेत. एकवीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली, मळकं काही कुणाला पाठवणार नाही मी. स्वेटर मात्र चारदा धुतला तरी कॉलरपाशी धुराचा वास राहिलाय. नको असेल तर टाकून दे. पण परत पाठवू नकोस.

मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तुझ्याकडून मागून घ्यायलाही नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. आई जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलीस, तेवढं पुरे झालं असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते तू जाण.

मैदानावर आता सहा जणी येतात. तुझ्या वेळची एकटी बसवाली उरलीय. सकाळची पाळी करून अर्धं शहर बस फिरवून येते आणि शिडीला मात्र घाबरते. डोळे मिटून चढते आणि प्रत्येक पायरीला एक शिवी. काका म्हणाले, "शिव्या मोजत जा, पायऱ्या आपोआप मोजल्या जातील." बाकीच्या पाच जणी नव्या आहेत. एक तर एवढी काटकुळी आहे, की पाण्याचा पाइप तिला ओढतो की ती पाइपाला, ते लांबून कळत नाही.

वेळ लावायचं घड्याळ अजून मीच धरते. लोक विचारतात, धाकटी गेली, आता तू कशाला येतेस? मी म्हणते, घड्याळ माझं आहे म्हणून.

बाकी सगळं ठीक. खोलीला रंग दिला. कामावर नवे गमबूट घेतले. जुने फार वाजायचे.

ताई


२३ जानेवारी

धाकटीस,

पार्सल परत आलं नाही, म्हणजे घेतलंस. एवढं मला पुरे आहे. उगाच दोन ओळी लिहून हाताला त्रास देऊ नकोस.

आज जावईबापूंची शिवण उसवली. काखेतून भसाभस वाळू गळली आणि नव्या पोरी किंचाळल्या. मी त्यांना खोलीवर आणलंय, म्हणजे जावईबापूंना. आत्ता समोर भिंतीला टेकून बसलेत, एक हात लुळा. शिवायला घेतलं आणि मग सुई ठेवून तुला लिहायला बसले.

तुला आठवतं ना ते कसे आले आपल्या घरी? पहिल्यांदाच बायकांची भरती निघाली होती. तू तो कागद घेऊन नाचत आलीस. पळणं, शिडी, पाइपाची गुंडाळी खांद्यावर घेऊन तीन मजले, आणि शेवटी साठ किलोचा पुतळा तीस पावलं ओढत रेघेपार न्यायचा. सगळं मिळून आठ मिनिटांच्या आत. उंचीत तू अर्ध्या सेंटीमीटरनं बसत होतीस, तेव्हा आई म्हणाली होती, "ठेंगू माझी, पण मोजून ठेंगू." मग तिनं तो कागद पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "साठ किलो म्हणजे मीच की गं!"

आणि ती खरंच माझ्याबरोबर धुलाईखान्यात आली. दुखऱ्या गुडघ्यांनी, काठी टेकत. मळक्या चादरींचे गठ्ठे जिथे तोलतात त्या काट्यावर ऐटीत उभी राहिली. एकसष्ट. "एक किलो काठीचा," म्हणाली. "माझ्याएवढाच करा. अंदाजपंचे नको." धुलाईखान्यातले बाद झालेले कॅनव्हासचे थैले मी आणले, त्यात तू वाळू भरलीस आणि चिंध्या आईनं कोंबल्या. वर तिनं शर्टाची दोन बटणं डोळे म्हणून लावली, एक पांढरं, एक तपकिरी. मी म्हटलं, डोळे कशाला? तर म्हणाली, "डोळे असले की माणूस वाटतो. माणूस वाटला तर ही त्याला आपटणार नाही."

उभा केला की आडवा व्हायचा, बसवला की कलंडायचा, आणि दोन बायका घामाघूम होऊन ओढतायत तरी ह्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. आई म्हणाली, "दोघींनी लग्नं केली नाहीत, तरी जावई आलाच शेवटी घरात." तू हसता हसता खालीच बसलीस. मीही हसले होते. मी हसते तेव्हा कशी दिसते ते मला माहीत नाही, पण तू म्हणायचीस, ताई हसली की घाबरायला होतं.

पहिल्या दिवशी तुझ्याच्यानं चार पावलंही ओढवलं नाही. काखेतून हात घाल, मनगट पकड, पाठीवर भार घेऊ नकोस, मांड्यांनी रेट, पावलं मोज. काका सांगायचे आणि मी ओरडायचे. तीन महिन्यांनी तू तीस पावलं जायला लागलीस. पण एक खोड होती तुझी. रेघ ओलांडली की त्याला हळूच खाली ठेवायचीस, डोक्याखाली हात देऊन. का, तर आई भिंतीपाशी थर्मास घेऊन बसलेली असायची आणि दरवेळी ओरडायची, "अगं, डोकं आपटेल त्याचं!"

आणि भरतीत घड्याळ थांबतं ते दोन्ही हात वर झाल्यावरच. त्या हळूच ठेवण्यात तुझे चार सेकंद जायचे. मी वैतागले. म्हटलं, ठेवत बसू नकोस गं, रेघ आली की सोड! सोड, "झालं" म्हण, हात वर कर आणि सरळ पुढे चालत जाऊन श्वास घे. मागे बघायचं नाही. मी आहे ना रेघेवर. पुढचं मी बघते.

रोज सहा वेळा, सात महिने. तीस पावलं, सोड, "झालं!", हात वर. आणि मी मागून जावईबापूंच्या काखेत हात घालून त्यांना परत सुरुवातीला ओढत न्यायचे, तुझ्या पुढच्या फेरीसाठी.

शिवण राहिलीच. आता हा हात लावून टाकते.

ताई


९ फेब्रुवारी

धाकटीस,

मावशीचा फोन आला होता. तिच्याशी बोलतेस म्हणे. बोल, जरूर बोल, पण जे बोलतेस ते माझ्या तोंडावर बोलायची हिंमत ठेव.

"ताई जिन्यापाशी होती. तिच्या बुटांचा आवाज मी ऐकला." हेच सांगितलंस ना तिला? वर्ष झालं तरी तेच पालुपद!

मी रस्त्यावर होते. दीडला माझी पाळी सुटली, मी चालत आले तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून धूर येत होता आणि खाली सगळी बिल्डिंग जमली होती. मी त्यांच्यात उभी होते. चौकशीला साहेब आले त्यांना मी हेच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, खाली माझी सही आहे. मीटरच्या खोलीत वायर जळाली आणि पॅसेजभर काळोख झाला. त्या काळोखात माणसाला काहीही ऐकू येतं. काकांना विचार. त्यांनी तीस वर्षं आगी विझवल्यात.

आणि विषय काढलासच तर ऐक. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत बेचाळीस पावलं आहेत. लहानपणापासून लंगडी घालत मोजलेली बेचाळीस. तू आईला काखेत धरून निघालीस, तीस पावलं मोजलीस आणि तिला सोडलंस! मैदानावर सोडतात तशी. हात वर करून, मागे न बघता जिना उतरून आलीस. आई कुठे सापडली? जिन्यापासून बारा पावलांवर. हे मी नाही म्हणत, चौकशीच्या कागदात आहे.

मी तेव्हा सगळ्यांसमोर "तू सोडलंस तिला?" म्हटलं, ते तुला लागलं. लागू दे. तू सोडलं नव्हतंस का?

ताई


११ फेब्रुवारी

अगं, परवाचं पत्र मिळालं की न वाचता फाडून टाक. हे त्याच्या आधी पोचलं तर बरंच. रागात लिहिलं. रागात माझं अक्षर सुंदर येतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

काल इस्त्रीच्या रुळात चादर अडकली आणि करपेपर्यंत मी बघत उभी राहिले. बाजूच्या बाईनं बटण दाबलं. सगळ्या धावल्या, मी जागची हलले नाही. त्या म्हणाल्या, घरी जा, बरं नाही वाटत तुला.

जेवत जा वेळेवर.

ताई


२ मार्च

धाकटीस,

काका आज मला बाजूला घेऊन बोलले. तिथले तुझे उस्ताद काकांच्या हाताखाली तयार झालेत, म्हणून सगळं इकडे कळतं. त्यांच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

ते म्हणाले, पळण्यात तू पहिली आहेस. शिडी, पाइप, सगळ्यात पुढे. आणि मग पुतळा धरतेस, तीस पावलं ओढतेस, रेघ ओलांडतेस आणि सोडतच नाहीस. ओढत राहतेस, भिंत येईपर्यंत. परवा दोघांनी मिळून तुझी बोटं सोडवली. आठ मिनिटं चौदा सेकंद. त्याच्या आधी आठ-अकरा. उस्ताद म्हणाले, पोरगी वाघीण आहे, पण तिचे हात उघडत नाहीत.

मे महिन्यात तू तिशी ओलांडतेस. एकोणतीस मार्चची भरती हुकली की वय हुकलं. मग तू काय करणार? तुला दुसरं काही यायचं नाही. म्हणजे येतं, पण तुला करायचं नाही. आठवीत असताना तू शेजारच्यांच्या मांजरीला पत्र्यावरून उतरवलं होतंस आणि घरी येऊन म्हणाली होतीस, मी हेच करणार.

घरी येईपर्यंत मी तुला काय काय सांगायचं ते ठरवत होते. शेवटच्या पाच पावलांत मनगटाची पकड सैल करत आण. अंगठा आधी सोड. श्वास सोडताना हात सोड, घेताना नाही. हे सगळं बरोबरच आहे. तरी बघ करून.

पण मला ठाऊक आहे, अंगठ्याचा प्रश्न नाहीये.

इथे मी एक नियम केलाय, तुला सांगितला नव्हता. आमच्या मैदानावर आता कुणी रेघेवर सोडत नाही. जी ओढते तिनं "झालं" म्हणायचं, आणि रेघेवर जी उभी असेल तिनं येऊन पुतळ्याला हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "घेतलं." ते ऐकल्याशिवाय हात सोडायचे नाहीत. काका म्हणाले, अगं, भरतीत असं काही नसतं, फुकट तीन सेकंद जातात. मी म्हटलं, भरतीपुरतं पोरी वेगळं शिकतील, आधी हे शिकू देत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच रेघेवर जाऊन उभे राहिले. तीस वर्षं आगी विझवलेला माणूस आहे. त्यांना कळलं असेल, असं मला तेव्हा वाटलं.

बसवाली मात्र "घेतलं" ऐकल्यावर दरवेळी म्हणते, "घे बाई, घरी घेऊन जा."

पुढचं पत्र मी लवकर लिहीन. निदान तसं ठरवलंय.

ताई


१४ मार्च

ठेंगू,

बारा दिवस मी हे पत्र लिहितेय. चार कागद फाडले. आता हा काही झालं तरी पेटीत टाकणार आहे. पेटी धुलाईखान्याच्या दारातच आहे, पळायला जागा नाही.

मी रस्त्यावर नव्हते.

पाळी सुटून आले, धूर बघितला. लोक उतरत होते, मी त्यांच्यातून वाट काढत वर चढले. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, म्हणून नंतर मी खोटं बोलू शकले. तिसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे, कठड्याला धरून मी उभी राहिले. पॅसेज काळा होता. दिसत काहीच नव्हतं. पण तू ऐकू येत होतीस. मोजत होतीस. सव्वीस, सत्तावीस. आणि आईची टाच जमिनीवर घासत येत होती.

मी एक पाऊल पुढे टाकलं. माझे बूट ओले होते, ते वाजले. ते नेहमीच वाजायचे, मैदानावर तू म्हणायचीस, ताई रेघेवर आली की बेडूक आल्यासारखं वाटतं. ते वाजले, तू तीस म्हणालीस, आणि मग तू ओरडलीस, "झालं!"

तू चुकली नाहीस, ठेंगू. तुला मी जे रोज सहा वेळा शिकवलं तेच तू केलंस. तीस पावलं झाली, रेघेवर बूट वाजले, म्हणजे ताई आली. ताई आली म्हणजे सोडायचं. पुढचं ती बघते. तू आईला टाकलं नाहीस, तू तिला माझ्या हातात दिलंस. आणि माझे हात तिथे नव्हते.

धूर माझ्या तोंडात गेला. एवढंच झालं. एक घोट धूर. छातीत आग लागल्यासारखं झालं आणि मी वळले. मी पळाले. याला दुसरा शब्द मी वर्षभर शोधला, नाहीये. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले, पाच-सहा श्वास घेतले. तेव्हाही वर जाता आलं असतं. मी स्वतःला म्हटलं, ठेंगू आहे, ठेंगू आणेल. तू "झालं" म्हणाली होतीस हे ऐकूनही म्हटलं. आणि पाय खालीच उतरत गेले.

मग तू बाहेर आलीस. तोंड काळं झालेलं आणि दोन्ही हात अजून खांद्याच्या वर. तसेच हात वर घेऊन तू तीन मजले उतरली होतीस. मला बघितलंस आणि तुझा चेहरा किती मोकळा झाला! मैदानावर विचारायचीस ना, "ठेवलं परत?" तसंच विचारलंस, "आई कुठंय?"

आणि मी तुला उलट विचारलं, "आई कुठंय?"

तेव्हा तुझे हात खाली आले. तू वर पळायला निघालीस, चौघांनी तुला धरलं. तू ओरडत होतीस, ताई होती, ताई होती तिथे! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरले. आईसाठी नाही, आई अजून वरच होती. मी माझ्यासाठी घाबरले, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तू सोडलंस तिला?"

पंधरा दिवसांनी बॅग भरलीस तेव्हा फक्त एवढं विचारलंस, "ताई, मला खरंच भास झाला का गं?" मी म्हटलं, हो. धुरात होतात भास. आणि तुझ्या बॅगची चेन लावून दिली. ते बूट मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकले.

तुला कान होते, अक्कल होती, हात होते. सगळं ठिकाणावर होतं. मी तुला वर्षभर वेडी ठरवलं. तुझे हात उघडत नाहीत ते माझ्यामुळे. तू त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीस, कारण मी सांगितलं की त्यांनी आईला टाकलं.

एकोणतीस तारखेला रेघेवर मी नसेन. कुणी शिट्टीवाला असेल आणि तो काही म्हणणार नाही. म्हणून मी आत्ताच म्हणून ठेवते, तिसाव्या पावलाला मनात ऐक. जे मी त्या दुपारी म्हणायला हवं होतं ते.

घेतलं, ठेंगू. आई माझ्याकडे आहे. तुझ्या हातात आता नुसती वाळू आहे. सोड.

ताई


१९ एप्रिल

ठेंगू,

तुझं कार्ड मिळालं. "सात मिनिटं एक्कावन्न. हात सोडले. घेतलं मला. तू येऊ नकोस."

मी ते धुलाईखान्यात उभ्या उभ्या वाचलं आणि पहिल्या तीन वाक्यांना इतक्या जोरात ओरडले, की इस्त्रीवाल्या बाईनं मशीन बंद केलं. एक्कावन्न! नऊ सेकंद हातात राखून! आईनं सगळ्या मजल्यावर दवंडी पिटली असती. काकांना सांगितलं तर ते चष्मा पुसत बसले. बसवालीनं शिवी घातली, आनंदाची होती.

चौथं वाक्य मी घरी येऊन वाचलं. म्हणजे आधीही वाचलं होतंच.

येत नाही. बरोबर आहे तुझं. तू गणवेश घालशील तेव्हा कशी दिसशील ते बघायची फार इच्छा होती, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पण येत नाही. फोटोही पाठवू नकोस. पाठवायचा असेल तर मावशीला पाठव, मी तिच्याकडेही मागणार नाही.

मागच्या सोमवारी चौकशीच्या ऑफिसात जाऊन जबाब बदलला. कारकून म्हणाला, बाई, ती फाइल कधीच बंद झाली, आता कशाला? मी म्हटलं, उघडा. बेचाळीस पावलं, बारा पावलं, बूट, "झालं", सगळं लिहून दिलं आणि सही केली. त्यानं एक प्रत दिली ती यासोबत आहे. तुझ्या जवळ असू दे. कुणी कधी काही बोललं तर समोर धर.

मामा-मावशीला बोलावून सांगितलं. मावशी रडली. मामा चहाचा कप तसाच ठेवून उठले, चपला घातल्या आणि गेले. बिल्डिंगमध्ये आता सगळ्यांना माहीत आहे. जिन्यात कुणी दिसलं की मी बाजूला होते, ते उतरून जातात, मग मी चढते. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला वर्षभर जे मिळालं त्यातलं थोडं आता माझ्याकडे आलंय, एवढंच.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. ती तुलाच सांगू शकते.

आज सकाळी सराव संपला. मी बसवालीला म्हटलं, घड्याळ जरा तू धर. ती म्हणाली, तुला काय करायचंय? मी जावईबापूंना रेघेवर निजवलं आणि रेघेपासून पुढे बारा पावलं मोजून चपलेनं खूण केली. इतके महिने त्यांना परत ओढत नेलं, पण माझी वेळ कधी कुणी लावली नव्हती. लावायचं कारणही नव्हतं. मी काखेतून हात घातले. पांढरं बटण आणि तपकिरी बटण, दोन्ही माझ्याकडे बघत होती. मी एकेचाळीस वर्षांची आहे, माझी कंबर दुखते, आणि आज पायात साध्या चपला होत्या, त्यातलीही एकच, दुसरी खुणेला ठेवलेली. मी ओढलं. खुणेपाशी पोचल्यावर डोक्याखाली हात देऊन त्यांना हळूच खाली ठेवलं, आपटू दिलं नाही. मग बसवालीकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, तिनं नुसतं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

अकरा सेकंद लागले, ठेंगू.

ताई